स्वस्तातली लिथियम बॅटरी: आरव्ही, गावचं घर, लाइट नसलेली जागा... कुठल्या ब्रँडची घ्यावी?

निवडुंग (फिनिक्स)

आरव्हीच्या (राहायची सोय असलेल्या गाडीच्या) धाग्यावर ‘लिथियम कुठली घेऊ’ हे इतक्या जणांनी विचारलं की सहली राहिल्या बाजूला. म्हणून हा वेगळा धागा. माझा अनुभव ॲरिझोनातला, ट्रेलरमधला. भारतातल्या मंडळींनी आपापली भर घालावी. तिकडचे भाव आणि तिकडचे इन्व्हर्टर यांबद्दल मी तोंड उघडणार नाही.

लिथियम म्हणजे इथे लिथियम आयर्न फॉस्फेट, एलएफपी. फोनमध्ये असते ती जात वेगळी. एलएफपी पेट घ्यायला बरंच जास्त तापमान लागतं, ती टिकतेही जास्त, फक्त वजनाच्या मानाने वीज थोडी कमी साठवते. घरात आणि गाडीत हीच घ्या. (अवांतर: १९९७ साली टेक्सास विद्यापीठातून या रसायनावरचा जो मूळ शोधनिबंध आला, त्यावर गुडइनफ यांच्याबरोबर पाढी आणि नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावं आहेत. गुडइनफ यांना २०१९ चं नोबेल मिळालं म्हणून ते ठाऊक असतात, हे दोघे आपल्याकडेही कुणाला माहीत नाहीत.)

चार-पाच वर्षांपूर्वी १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाची चांगली बॅटरी म्हटलं की ‘बॅटल बॉर्न’. नेवाडातली कंपनी, दहा वर्षांची वॉरंटी, किंमत नऊशे डॉलरच्या घरात. आज लायटाइम, रेडोडो, पॉवर क्वीन, इको-वर्दी, वॅटसायकल यांतली कुठलीही सवलतीच्या सेलमध्ये तीनशे डॉलरच्या आत पडते. यातली पहिली तीन शेनझेनच्या एकाच घरातली भावंडं, हे उघड गुपित आहे. लायटाइमचं आधीचं नाव अँपिअर टाइम. एसओके, इपॉक, रेनोजी हे मधल्या फळीतले. एसओकेच्या पत्र्याच्या डब्याला स्क्रू असतात, तो उघडून दुरुस्त करता येतो. बाकीच्यांचं प्लॅस्टिक चिकटवलेलं, आत बघायचं तर करवत.

पण या किमतीत मी ब्रँड सगळ्यात शेवटी बघते. आतले सेल बहुतेकांकडे चीनमधूनच येतात आणि नावाजलेल्या स्वस्त ब्रँडांच्या बॅटऱ्या सहसा छापलेली क्षमता देतात. फरक पडतो तो बीएमएसमध्ये, म्हणजे आतल्या सेलवर पहारा ठेवणाऱ्या सर्किटात.

त्यातही आधी थंडी. एलएफपीमधून शून्य अंशाखाली वीज काढली तर चालतं, शून्याखाली चार्ज करणं चालत नाही. लिथियम मग ग्राफाइटच्या आत शिरायच्या ऐवजी त्याच्यावर धातू होऊन बसतं आणि ते नुकसान भरून येत नाही. फिनिक्सला कसली आलीय थंडी, असं वाटेल. पण ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ साधारण २१०० मीटर उंचीवर आहे आणि तिथल्या मेदर कॅम्पग्राउंडमध्ये वीजजोडणी नाही. हिवाळ्यात सकाळी आठला सोलर पॅनेलवर लख्ख ऊन, चार्ज कंट्रोलर जागा झालेला, आणि फोनवरचं बॅटरीचं ॲप म्हणतंय: तापमान उणे २, चार्जिंग बंद. ऊन फुकट जाताना बघवत नाही. मग फर्नेसच्या गरम हवेचा पाइप बॅटरीच्या कप्प्याकडे वळवायचा, दुसरा चहा होईपर्यंत थांबायचं. आकडा शून्य ओलांडून वर गेला की करंट वाहायला लागतो.

थंडीत आपोआप चार्जिंग तोडायची ही सोय नसलेल्या बॅटऱ्या अजून विकल्या जातात. एकाच ब्रँडच्या, बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या डब्यांत साधी, थंडीत चार्ज तोडणारी, ब्लूटूथवाली आणि आत हीटर असलेली अशी वेगवेगळी मॉडेलं असतात. सवलतीच्या सेलच्या दिवशी सगळ्यात वर दिसते ती साधी. वर्णनातली ती एक ओळ शोधल्याशिवाय पैसे देऊ नका.

मग करंट. १०० अँपिअर-तासाच्या बहुतेक बॅटऱ्यांची बीएमएसही १०० अँपिअरची असते. १२.८ गुणिले १०० म्हणजे १२८० वॅट. त्यावर २००० वॅटचा इन्व्हर्टर लावून मायक्रोवेव्ह आणि केटल एकदम चालू केली, तर इन्व्हर्टर पावणेदोनशे अँपिअर मागणार आणि बीएमएस गप्पकन बंद. लोक लगेच साइटवर जाऊन ‘भंगार बॅटरी’ म्हणून एक तारा देतात! दोन बॅटऱ्या समांतर जोडल्या की हे मिटतं. छतावरच्या १३,५०० बीटीयूच्या एसीची गोष्ट निराळी. तो चालताना तेराशे-पंधराशे वॅट ओढतो आणि सुरू होताना त्याच्या कैक पट. एका बॅटरीचं ते काम नव्हे.

राहिली वॉरंटी. पाच वर्षं सगळेच छापतात. परत पाठवायची वेळ आली की कळतं, दहा-अकरा किलोची लिथियम बॅटरी म्हणजे वर्ग ९ चा धोकादायक माल, कुरिअरवाले हात लावत नाहीत. माझी एक बॅटरी (नाव घेत नाही) अचानक चार्ज घेईनाशी झाली. मल्टिमीटरचा फोटो पाठवा, व्हिडिओ पाठवा, आता दुसऱ्या चार्जरवर लावून व्हिडिओ पाठवा, असं बरंच चाललं. शेवटी नवी पाठवली, जुनी मागितलीच नाही. माल अमेरिकेतल्या गोदामातून येतो का आणि ईमेलला माणूस उत्तर देतो का, हे विकत घ्यायच्या आधी एक बारीकसा प्रश्न विचारून तपासा.

आणि भाव बघून ठेवलेत म्हणून निवांत राहू नका. १ जानेवारी २०२६ पासून चिनी लिथियम बॅटऱ्यांवरचं, अमेरिकेच्या व्यापार कायद्यातल्या कलम ३०१ चं आयात शुल्क ७.५ वरून २५ टक्क्यांवर गेलंय.

आगाऊ_कार्टा

वाचनखूण साठवली. ताई, डिसेंबरात पुण्याला येताय ना? दोन आणता का? एक चेक-इनमध्ये, एक वहिनींच्या बॅगेत :)

निवडुंग (फिनिक्स)

आण म्हणशील तर चितळ्यांची बाकरवडी उलटी इकडून आणीन, ही नाही. १६० वॉट-तासावरची सुटी लिथियम बॅटरी प्रवाशाला विमानात नेताच येत नाही, ना केबिनमध्ये ना सामानात. शंभरच्या वर असेल तर एअरलाइनची परवानगी लागते. ही १२८०.

हिमगौरी (कॅलगरी)

उत्तम धागा. थंडीबद्दल आमच्याकडून भर.

इथे जानेवारीत उणे ३० सहज होतं, त्यामुळे आत हीटर असलेली बॅटरी घ्या असं सगळेच सांगतात. आम्हीही घेतली. पण हीटर कधी चालू होतो ते मॉडेलागणिक वेगळं आहे, आणि ते कुणी सांगत नाही. बऱ्याच बॅटऱ्यांत चार्जर जोडलेला असेल तरच हीटर चालतो: आलेला करंट आधी हीटरला, सेल पाचेक अंशांवर गेले की मग चार्जिंग. आता हिवाळ्यातलं कॅनडातलं ऊन, त्यात पॅनेलवर बर्फ. पॅनेलमधून जेमतेम दोन-तीन अँपिअर येत असतील तर हीटरचंच पोट भरत नाही, आणि दिवसभर तापवण्यातच जातं. हीटरवाली घ्यायची तर डबा चहूबाजूंनी थर्माकोलच्या जाड तक्त्यांनी झाका, नाहीतर पैसे पाण्यात.

आम्ही हिवाळ्यात ट्रेलर वापरत नाही. बॅटरी निम्मी भरलेली ठेवून, वायरी सोडवून, घरात बेसमेंटला आणून ठेवतो. उचलायला सोपी, हा लिथियमचा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. जुन्या लेड ॲसिडला दोन माणसं लागायची आणि वर नवऱ्याची कंबर.

संत्रानगरी (नागपूर)

सगळे थंडीचं बोलून राहिले. आमच्याकडे मे महिन्यात ४५-४६ जातं त्याचं काय? गच्चीवरच्या खोलीत इन्व्हर्टर आहे, पत्र्याचं छप्पर. लिथियम टिकेल का?

निवडुंग (फिनिक्स)

या प्रश्नाला मी हक्काने उत्तर देते. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्सला सलग ३१ दिवस दुपारचा पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सिअस, किंवा त्याच्या वर गेला. आम्ही याच भट्टीत राहतो.

उष्णतेने लगेच काही होत नाही, आयुष्य झिजतं. डब्यावर छापलेल्या चार हजार, सहा हजार सायकली २५ अंशांवर, संथ चार्ज-डिस्चार्ज करून मोजलेल्या असतात. चाळिशीत कायम राहणारी बॅटरी ते आकडे गाठत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे शंभर टक्के भरून उन्हाळाभर तशीच ठेवलेली. ट्रेलर उभा असतो तेव्हा मी ५० टक्क्यांवर आणून सरळ डिस्कनेक्ट करते. तुमच्या घरी रोज वापर असेल तर ते जमणार नाही, पण खोली बदला. बॅटरी आणि इन्व्हर्टर दोन्ही खालच्या मजल्यावर, उत्तरेच्या भिंतीला आणा. पत्र्याखाली ट्युब्युलरसुद्धा (पाणी घालायची लेड ॲसिड बॅटरी) लवकर मरते, तिचं पाणी उडतं म्हणून आपल्याला निदान दिसतं तरी.

केवडा (ठाणे / दापोली)

माझा प्रश्न आरव्हीचा नाही, चालेल ना?

दापोली तालुक्यात घर आहे, आई-बाबा तिथेच असतात. जून २०२० च्या निसर्ग वादळात खांब आडवे झाले आणि आमच्याकडे लाइट यायला आठवडेच्या आठवडे लागले, पुढच्या वर्षी तौक्ते. तेव्हापासून १५० च्या दोन ट्युब्युलर आहेत. पण बाबांना आता वाकून डिस्टिल्ड वॉटर घालणं जमत नाही आणि बॅटऱ्याही थकल्यात. शिवाय एरवीसुद्धा पावसाळ्यात फांदी पडली की लाइट रात्रभर गुल.

इन्व्हर्टर जुनाच ठेवून नुसत्या बॅटऱ्या काढून एक लिथियम बसवली तर चालेल का? दुकानदार म्हणतो, ‘बिनधास्त टाका, ड्रॉप-इन आहे.’ दुसरा म्हणतो इन्व्हर्टरही बदला. भाव दुपटीच्या पुढे आहे, म्हणून विचारतोय. आणि इथले ब्रँड कुठले बघू? लायटाइमवगैरे आपल्याकडे कोण देणार?

सोल्डरगन (भोसरी)

बिनधास्त टाकू नका. मी इन्व्हर्टर आणि पॅक दुरुस्त करतो, रोज हेच बघतो.

जुन्या इन्व्हर्टरचा चार्जर लेड ॲसिडसाठी शिकवलेला असतो. चार सेलच्या एलएफपीची वरची हद्द १४.६ व्होल्ट. काही इन्व्हर्टर ट्युब्युलर मोडमध्ये अधूनमधून त्याच्याही वर जातात, तिथे बीएमएस चार्ज तोडते. तोडलं की इन्व्हर्टरला वाटतं बॅटरीच काढली, मग बीप, मग एरर. तुमच्या मॉडेलला जेल किंवा एसएमएफ (सीलबंद बॅटरीचा) मोड असेल तर तो लावून मल्टिमीटरने चार्जिंग संपतानाचा व्होल्टेज बघा. १४.४ च्या आत थांबत असेल आणि नंतर १३.५-१३.६ ला धरून ठेवत असेल तर चालवा. नसेल तर लिथियम मोडवाला इन्व्हर्टर घ्या.

दुसरी कटकट इंडिकेटरची. एलएफपीचा व्होल्टेज जवळपास सपाट राहतो. १३.२ वरून १३.० वर उतरेपर्यंत जवळपास निम्मी बॅटरी संपलेली असते. इन्व्हर्टरवरच्या चार दांड्या शेवटपर्यंत फुल दाखवणार आणि मग एकदम अंधार. आई-बाबा दोघेच असतात म्हणताय, तर शंट बसवा. शंट म्हणजे आत गेलेले आणि बाहेर आलेले अँपिअर मोजून टक्के दाखवणारा मीटर. किंवा ब्लूटूथ बीएमएसवाली घ्या आणि त्यांच्या फोनमध्ये ॲप टाकून द्या.

ब्रँड: एक्साइड, ल्युमिनस, लिव्हगार्ड, लूम सोलर यांचे लिथियमचे पर्याय आहेत. अमेरिकेपेक्षा महाग, पण दापोली-चिपळूणला सर्व्हिसवाला येतो का हे विचारा आणि त्याच्यावरच ठरवा. शंभर किलोमीटरवरून माणूस येणार असेल तर पाच वर्षांची वॉरंटी कागदावरच.

आणि बाजारात जे बिननावाचे, स्टिकर लावलेले निळे पॅक मिळतात त्यांच्यापासून लांब राहा. परवा टेबलावर एक आला. वर लिहिलंय १०० अँपिअर-तास, १०० अँपिअर बीएमएस. उचलला तेव्हाच कळलं, काट्यावर साडेसहा किलो. उघडला. आत ६ अँपिअर-तासाचे ३२७०० गोल सेल, चार ओळी, प्रत्येक ओळीत समांतर जोडलेले दहा. म्हणजे दहा गुणिले सहा, साठच अँपिअर-तास. निकेलच्या पट्टीखाली सेलच्या टोकांवर आधीच्या स्पॉट वेल्डिंगचे फाटलेले ठसे, म्हणजे सेल कुठल्यातरी स्कूटरच्या पॅकमधून काढलेले. बीएमएसवरचा स्टिकर सोलला, खाली छापलेलं ३०. तापमानाचा सेन्सर होता, पण सेलला न चिकटवता हवेत लोंबकळत सोडलेला. गिऱ्हाइकाची तक्रार काय, तर ‘मिक्सर लावला की बंद पडते.’

निदान वजन करा. खरी १०० ची एलएफपी दहा-अकरा किलोची असते. आठच्या खाली काटा थांबला तर पुढे बोलूच नका.

निवृत्त_वायरमन

पोरांनो, चर्चा चांगली चालली आहे. मी एमएसईबी आणि नंतर महावितरण मिळून आयुष्य खांबावर काढलं, त्यामुळे थोडं माझंही ऐका.

केवडा, वडिलांना पाणी घालणं जमत नाही ही अडचण खरी. पण ट्युब्युलरला एवढं टाकाऊ ठरवू नका. तालुक्याच्या गावात कुठलाही बॅटरीवाला ती ओळखतो, जुनी देऊन नव्यात पैसे वळते होतात, आणि वेळप्रसंगी इन्व्हर्टरने जास्त चार्ज केलं तरी पाणी उडतं, बॅटरी रुसून बंद होत नाही. लिथियमची बीएमएस रात्री दोन वाजता बंद पडली तर म्हाताऱ्या माणसाने काय करायचं? ती परत जागी करायला चार्जर जोडावा लागतो आणि लाइट तर गेलेली.

दुसरं, जे कुणीच बोललं नाही. बॅटरी आणि इन्व्हर्टरच्या मध्ये फ्यूज कुठला घालणार? घरातली साधी एसी एमसीबी डीसीला लावू नका. आपल्या ५० हर्ट्झच्या एसीत करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझते. डीसीत तो शून्यावर येतच नाही, ठिणगी ओढत राहते, एमसीबी आतून वितळते. डीसी ब्रेकर असला तरी बऱ्याचशांना अधिक-उणेची दिशा असते, उलटा लावला की तोच प्रकार. लिथियमचा अंतर्गत रोध इतका कमी की शॉर्ट झाला तर हजारो अँपिअर क्षणात येतात.

निवडुंग (फिनिक्स)

काका, फ्यूजच्या मुद्द्याला +१००. इथे आम्ही क्लास-टी फ्यूज वापरतो, २०,००० अँपिअरपर्यंतचा शॉर्ट तोडू शकतो, बॅटरीच्या धन टोकापासून जितका जवळ तितका बरा. वीस-तीस डॉलर लागतात म्हणून लोक टाळतात आणि पाचशेच्या बॅटऱ्या उघड्यावर सोडतात.

केबलच्या लग्जकडेही (टोकाच्या धातूच्या कड्यांकडे) बघा. आमच्या कॅम्पवर शेजारच्या माणसाचा इन्व्हर्टर सारखा लो व्होल्टेज दाखवत होता, तो नव्या बॅटरीवरच चिडलेला. इन्फ्रारेड थर्मामीटर धरला तर तीन जोड हाताला कोमट आणि चौथ्याला ७८ अंश. बोल्टखाली वॉशर चुकीच्या जागी, लग आणि टर्मिनलच्या मध्ये. स्टीलच्या वॉशरमधून सगळा करंट जात होता. वॉशर वर घेतला, बोल्ट आवळला, तक्रार संपली.

सोल्डरगन (भोसरी)

वायरमन काका, बीएमएस रात्री दोनला बंद पडते ती बॅटरी पार रिकामी झाली तर. इन्व्हर्टरचा लो कट १२ व्होल्टच्या आसपास ठेवला तर आधी इन्व्हर्टर थांबतो, बीएमएसवर वेळ येत नाही. लाइट आली की आपोआप सुरू. अडचण अशी की बऱ्याच जुन्या घरगुती इन्व्हर्टरचा लो कट १०.५ ला कायमचा असतो, बदलता येत नाही. म्हणून म्हटलं इन्व्हर्टरही बदला.

बाकी जुनीचे पैसे वळते होतात हे मान्य. लिथियमची जुनी कुणी घेत नाही.

केवडा (ठाणे / दापोली)

काका, सोल्डरगन, दोघांचेही आभार. घोळ आणखी वाढला, पण चांगल्या अर्थाने :)

किती क्षमतेची लागेल? दोन पंखे, पाच एलईडी, वायफाय आणि बाबांचा टीव्ही. फ्रिज नको. सोलर पण टाकावं का, सूर्यघर योजनेतून?

निवडुंग (फिनिक्स)

आधी पंखे बदला, मग बॅटरीचा विचार. साधा पंखा ७०-७५ वॅट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) ३० च्या आसपास. दोन बीएलडीसी ६०, पाच एलईडी ४५, राउटर १०: सव्वाशे वॅटच्या आत. १०० च्या एलएफपीतले १२८० वॉट-तास, त्यातले नव्वद टक्के वापरले तर साडेअकराशे. इन्व्हर्टर स्वतःही काही खातो, तो धरून आठेक तास. टीव्ही दोन-तीन तास लावला तर सात. जुन्या पंख्यांवर तेच पाच-साडेपाच होतं.

तुमच्या एका १५० च्या ट्युब्युलरमध्ये कागदावर १८०० वॉट-तास, पण तिला निम्म्याखाली रोज उतरवलं तर ती झिजते, म्हणजे ९०० धरा. त्यामुळे एक १०० ची एलएफपी एका ट्युब्युलरला भारी, पण तुमच्या दोन्हींच्या बदली एक चालेल ते पंखे बदलले तरच.

निवृत्त_वायरमन

सूर्यघर योजनेचं मी सांगतो. फेब्रुवारी २०२४ ला आली, तीन किलोवॅट आणि वर ७८,००० पर्यंत अनुदान. पण ती ग्रिडला जोडलेल्या सोलरसाठी आहे, बिल कमी करायला. लोकांचा मोठा गैरसमज असा की पॅनेल आलं म्हणजे लाइट गेल्यावरही घर चालणार. नाही चालत. ग्रिड गेली की नुसता ग्रिड-टाय इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, आणि व्हायलाच पाहिजे, नाहीतर खांबावर चढलेल्या माझ्यासारख्याला तुमच्या छपरावरून शॉक. लाइट गेल्यावरही हवं असेल तर बॅटरी घेणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो.

आणि कोकणात आषाढात पॅनेलवर फार भिस्त ठेवू नका. ज्या महिन्यात लाइट जाते त्याच महिन्यात ऊन नसतं. उरलेल्या वर्षात उत्तम.

व्हॅनवाला (पुणे)

मी ट्रॅव्हलरमध्ये झोपायची सोय करून घेतलीय (आरटीओचे कागद हा वेगळा धागा होईल, त्यात शिरत नाही). गाडीच्या अल्टरनेटरवरूनच लिथियम चार्ज केली तर काय बिघडतं? गॅरेजवाल्याने जाड वायर आणि रिले लावून दिलाय. मस्त चालतंय, ६० अँपिअर येताना दिसतात.

सोल्डरगन (भोसरी)

तेच तर बिघडतं. लेड ॲसिड भरत आली की करंट कमी कमी घेते. एलएफपी जवळपास भरेपर्यंत मिळेल तेवढा ओढत राहते. गाडी घाटात, ट्रॅफिकमध्ये, इंजिन आयडलवर, अल्टरनेटरचा पंखा हळू, आणि तो पूर्ण लोडवर. वाइंडिंग जळतं. त्यातून बीएमएसने मध्येच अचानक तोडलं तर उसळलेल्या व्होल्टेजने डायोड जातात, कधी गाडीचं आणखी काही.

रिले काढा, डीसी-टू-डीसी चार्जर लावा, ३० अँपिअरचा पुरे. तो ठरलेलाच करंट घेतो आणि लिथियमला हवा तो व्होल्टेज देतो. बीएस-६ च्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरचा व्होल्टेज ईसीयू, म्हणजे गाडीचा संगणक, खालीवर करतो, तिथे तर रिलेवर बॅटरी पूर्ण भरतच नाही.

व्हॅनवाला (पुणे)

बोंबला. उद्याच काढतो.

सुटे सेल आणून स्वतः पॅक बांधला तर? ३०४ अँपिअर-तासाचे, ईव्हीई या चिनी कंपनीचे सेल स्वस्तात दिसतायत.

सोल्डरगन (भोसरी)

मी बांधतो. तुम्ही बांधू नका.

बरं, कारण देतो. घरासाठी २८० चे १६ सेल घेऊन ५१.२ व्होल्टचा, साधारण १४ युनिटचा पॅक आणि जेके किंवा जेबीडीची बीएमएस, यात पैसे खरंच वाचतात. पण ‘ए ग्रेड’ म्हणून येणाऱ्यात नाकारलेला माल घुसतो. क्यूआर कोड खोडून वर नवा कोरलेला असतो, बोट फिरवलं तर खड्डा लागतो. सेल आधी समान पातळीवर आणायचे, प्रत्येकाचा रोध मोजायचा, मग बांधायचे. आणि चालत्या गाडीत हादरे. बसबार (सेल जोडणारी धातूची पट्टी) कडक असेल तर सेलच्या टर्मिनलवर ताण येतो. घरात कोपऱ्यात उभा राहणारा पॅक वेगळा आणि ताम्हिणीतून उड्या मारत जाणारा वेगळा.

हिमगौरी (कॅलगरी)

मी एक विचारते, दोन वेगळ्या ब्रँडच्या बॅटऱ्या समांतर जोडल्या तर? एक जुनी आहे, दुसरी स्वस्तात मिळतेय.

निवडुंग (फिनिक्स)

दोन्ही १२ व्होल्टच्या एलएफपी असतील तर समांतर चालतं, कंपन्या नको म्हणतात तरी. आधी दोन्ही वेगवेगळ्या पूर्ण भरा आणि मगच जोडा, नाहीतर भरलेली रिकामीत धाडकन ओतते. प्रत्येकीला स्वतंत्र फ्यूज आणि बसबारपर्यंत सारख्या लांबीची केबल. सिरीजमध्ये मात्र वेगळे ब्रँड अजिबात नको. एकीच्या बीएमएसने तोडलं की सगळं ठप्प.

आणि अधूनमधून १४.२ ते १४.४ ला अर्धा तास धरून ठेवत जा. स्वस्त बीएमएस सेल समान करते ती शेवटच्या टप्प्यातच, तेही अगदी बारीक करंटने. कायम ८० टक्क्यांवर थांबवणाऱ्यांचे सेल हळूहळू विस्कटतात आणि मग ‘माझी १०० ची बॅटरी ७० च देते’ म्हणून बोंब.

केवडा (ठाणे / दापोली)

अपडेट. चिपळूणच्या एका डीलरकडे स्वतःचा सर्व्हिसचा माणूस आहे, त्याने १०० ची लिथियम आणि लिथियम मोडचा इन्व्हर्टर मिळून कोटेशन दिलंय. पंखे कालच बदलले. बिल करण्याआधी त्याला काय काय विचारू?

सोल्डरगन (भोसरी)

सलग किती अँपिअर देते, ते डेटाशीटवर दाखव म्हणा; तोंडी नको. वॉरंटीत पूर्ण बदलून किती वर्षं आणि त्यानंतर प्रो-राटा (वापरलेल्या काळाचे पैसे कापून) किती, ते बिलावर सीरियल नंबरसकट लिहून घ्या. बसवायला आल्यावर त्याच्यासमोर बॅटरी काट्यावर ठेवा. पहिल्या आठवड्यात एक दिवस मेन बंद करून सगळं चालू ठेवा आणि किती तास टिकते ते बघा, निवडुंगताईंच्या हिशेबापेक्षा बरंच कमी आलं तर लगेच फोन करा.

निवृत्त_वायरमन

आणि डीसी ब्रेकर कुठल्या मापाचा लावतोय ते मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून सांग. लग्ज पक्कडने चेपत असेल तर त्याला तिथल्या तिथे थांबव, हायड्रॉलिक क्रिम्परने करून आण म्हणावं.

केवडा (ठाणे / दापोली)

होय काका. शनिवारी बसवतोय, फोटो टाकतो.